एल्ब्रुसची गाईडेड चढाई: पॅकेजमध्ये काय बघायचं

बेळगाव, खानापूर, चंदगड भागात गडकोट पालथे घालून, हिमालयातला एखादा ट्रेक करून झाला की पुढचा प्रश्न बहुधा एल्ब्रुसचा येतो. रशियाच्या कॉकेशस पर्वतातला हा हिमनद्यांनी झाकलेला निद्रिस्त ज्वालामुखी, उंची ५,६४२ मीटर. दक्षिणेकडून आझाऊमार्गे होणारी आठ-नऊ दिवसांची गाईडेड चढाई नवख्यांसाठी म्हणून विकली जाते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. केबल कार थेट ३,८५० मीटरच्या आसपास, गाराबाशीला सोडते, तिथे झोपायला हट आणि गरम जेवण मिळतं. सेवा म्हणून आमची पसंती आहे. फक्त पॅकेज निवडताना लोक किंमत आणि हॉटेलचे फोटो बघतात, तिथेच चुकतं. बघायचे ते राखीव दिवस आणि शिखराच्या रात्री, म्हणजे शिखराकडे निघायच्या रात्री, एका गाईडमागे किती माणसं आहेत ते.

राखीव दिवस किमान दोन हवेत. इथली हवा तासा-दोन तासांत फिरते, आणि एकही जादा दिवस नसलेल्या पॅकेजमध्ये तुम्ही आणि गाईड दोघंही खराब हवेत निघायच्या मोहात पडता. सप्टेंबर २०२१ मध्ये शिखराजवळ वादळात सापडलेल्या एका गटातले पाच जण गेले. धुक्यात वाट चुकली की उतरताना माणूस नकळत बाजूला, भेगा असलेल्या हिमनदीवर जातो.

गाईडचं प्रमाण चाराला एक म्हणून सांगतात. आठ जणांत दोन गाईड, म्हणजे कागदावर ठीक. पण ५,००० मीटरवर एकाला उलट्या सुरू झाल्या की एक गाईड त्याला घेऊन खाली जाणार, आणि उरलेल्या सातांमागे एकच राहणार. म्हणून 'कुणी माघारी फिरलं तर पुढे कोण?' हे बुकिंगच्या आधी विचारा. नीट उत्तर देणारी कंपनी जादा गाईड ठेवते.

चांगल्या कार्यक्रमात उंचीची सवय व्हावी म्हणून शेजारच्या चेगेत डोंगराच्या उतारावर ३,००० मीटरच्या वर एक दिवस, मग गाराबाशीत मुक्काम, तिथून पास्तुखोव खडकांपर्यंत, म्हणजे साधारण ४,७०० मीटरपर्यंत, पायी जाऊन परत, मग एक दिवस विश्रांती. बेळगाव जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे. यातला एकही टप्पा गाळून चालत नाही. गड झपझप चढणाऱ्यांना इथे जास्त त्रास होतो, कारण पाय तयार असतात आणि ते गाईडच्या संथ चालीला कंटाळतात.

रात्रक, म्हणजे बर्फावर चालणारी साखळीची गाडी, तुम्हाला ५,००० मीटरच्या आसपास सोडू शकते. याचे पैसे वेगळे पडतात, बहुतेक गाडीमागे, मग गटात वाटून. घ्यायला हरकत नाही, पण खडकांपर्यंत आधी पायी जाऊन आलेल्यांनीच. पहाटे उघड्या गाडीत न हलता बसून पावलं बधिर होतात आणि शरीराला उंची कळायच्या आत दोन शिखरांमधली खिंड येते. तिथेच डोकेदुखीने बरेच जण मागे फिरतात.

सरावाचा दिवस नसलेलं पॅकेज घेऊच नका. या दिवशी क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या दातेरी चौकटीचे, सगळे दात उतारावर सपाट टेकवायला शिकवतात. पाय थोडे फाकवूनच टाकायचे, नाहीतर दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकून माणूस आपटतो. घसरलात तर आइस अ‍ॅक्सची (बर्फातल्या कुऱ्हाडीची) चोच खांद्याजवळ बर्फात दाबून छातीचा भार त्यावर टाकायचा, गुडघे टेकवायचे आणि पावलं वर उचलायची. पावलं खाली राहिली तर क्रॅम्पॉन रुततो आणि माणूस उलटतो. खिंडीच्या वर कायमच्या दोराचा टप्पा लागतो. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, दोन कॅराबिनर (दोरात अडकवायच्या कड्या) असतात. दोराच्या गाठीशी आल्यावर आधी एक पुढे लावायचा, मगच मागचा काढायचा. हातमोजे घालून हे पंचवीस-तीस वेळा करून बघा, कारण वर मोजे काढता येत नाहीत.

सामान तेर्स्कोल-आझाऊत भाड्याने मिळतं, पण बूट पहिल्याच दिवशी घ्या. डबल बूट (आत वेगळा गरम बूट असलेला), दोन मोज्यांसह, उतारावर बोटं पुढे आपटणार नाहीत असा. क्रॅम्पॉन त्याच बुटाला बसवून बूट हलवून बघा, सैल वाटला तर बदला. पाण्याची नळी गोठते, म्हणून बाटलीच न्या आणि ती उलटी ठेवा, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. गॉगल चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सगळ्यात गडद काचांचा. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावा, बर्फावरून ऊन तिथेही पोचतं.

शाकाहाऱ्यांनी हटच्या सूपवर विसंबू नये, त्यात बहुतेक वेळा मांस असतं. बटाटे, गव्हासारखी उकडलेली ग्रेचका (कुट्टू) मिळते, सोबत चटणीपूड असली की जेवण जातं. शिखराच्या रात्रीसाठी गोकाकचा करदंट उत्तम, पण घरूनच बोटाएवढे तुकडे करून न्या. थंडीत अख्खी वडी फुटत नाही.

तयारीला राजहंसगड पुरे, पण एकदा चढून नाही. दहा-बारा किलोची सॅक घेऊन सलग चार-पाच फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, तीन महिने. त्याआधी बर्फावरचा अनुभव हवा असेल तर उत्तरकाशी किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

भारतीय बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं रशियात चालत नाहीत. सामानाचं भाडं, रात्रक, टिप असे सगळे जादा खर्च रोखीत द्यावे लागतात, तेव्हा डॉलर किंवा युरो घेऊन जा. प्रवासविम्याच्या पॉलिसीत ६,००० मीटरपर्यंतचं गिर्यारोहण आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही लिहिलेलं आहे का, ते पैसे भरायच्या आधी वाचा. दोर-क्रॅम्पॉनची चढाई साध्या पॉलिसीत बहुधा वगळलेली असते.