अलार्मवाली किचेन : चार महिने वापरून सांगते

पिन ओढली की जोरात किंचाळते ती किचेन आहे नं, बॅगेला लटकवायची, ती मी ऑगस्टमध्ये ऑनलाइन मागवली, 349 रुपयाला. आमच्या गावच्या पिनकोडवर डिलिव्हरीच दाखवत नव्हतं म्हणून ब्रह्मपुरीतल्या मैत्रिणीच्या रूमवर मागवावी लागली. मी एमएस्सीला आहे, रोज एसटीनं येणंजाणं. गाडी फाट्यावर सोडते, तिथून गाव अडीच किलोमीटर, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मधात एक नाला, लाइट एकही नाही. दिवाळीनंतर सहाच्या आधीच अंधार पडते आणि प्रॅक्टिकल लांबलं की पावणेसातलाच फाट्यावर उतरणं होते. घरच्यांना पहिली भीती वाघाची, आमच्याकडे ती खरीच आहे. पण पोरींना माहीत आहे की भीती एकच नसते.

आधी वस्तूबद्दल. लिंबाएवढी आहे, जराशी लांबट, वजन काहीच नाही. डब्यावर 140 डेसिबल लिहिलं आहे, आता तेवढं आहे का ते मोजायला माझ्याकडे काही नाही, पण अंगणात ओढली तर आजी घाबरून बाहेर आली आणि गोठ्यातली गाय दाव्याला हिसके द्यायला लागली. सगळ्यात चांगलं म्हणजे पिन परत खोचल्याशिवाय बंदच होत नाही, म्हणजे कोणी किचेन हिसकून फेकली तरी पिन आपल्या हातात आणि आवाज चालूच. छोटा लाइट पण आहे, तो पायापुरता, रस्ता दिसत नाही त्यात.

खोट म्हणजे पिन सैल आहे. एकदा एसटीत गर्दीत कोणाच्या पिशवीत अडकून ओढली गेली, अख्खी गाडी माझ्याकडे पाहून राहिली होती. कंडक्टर काका तिकिटं सोडून मागे आले, "काय झालं बाई, कोणी त्रास देऊन राहिला का?" मी नाही म्हटलं, पण त्यांनी विचारलं हे मी विसरणार नाही. तेव्हापासून गाडीत पिनला रबर गुंडाळते आणि फाट्यावर उतरल्या उतरल्या काढून टाकते, रबर राहिलं तर ऐन वेळी निघत नाही.

आणि आता खरं ज्यासाठी लिहून राहिली ते. नोव्हेंबरच्या शेवटी फाट्यावरून निघाली तर मागून एक गाडी, हेडलाइट बंद, दोघं बसलेले, माझ्याच चालीनं हळूहळू येऊन राहिले होते. नाल्याजवळ बाजूला आले, "सोडून देऊ का" म्हणे. मी बोलली नाही, चालत राहिली, तर गाडी आडवी लावली. मी पिन ओढली. दचकले, गाडी पुढे काढली, पण वीसेक पावलांवर जाऊन थांबले आणि मागे वळून पाहत राहिले, कारण कोणी येतच नव्हतं! बाजूच्या शेतात मळणी चालू होती, माणसं होती तिथं, पण मशीनच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार. ते काही सेकंद फार लांब गेले. मग पलीकडच्या धुऱ्यावर पुंजण्याची (कापलेल्या धानाच्या गंजीची) राखण करत बसलेल्या काकांचा कुत्रा भुकायला लागला, बॅटरी चमकली आणि काका ओरडले, "कोन व्हय रे तिकडे?" तेव्हा कुठं ते पळाले. काका मला घरापर्यंत सोडून गेले, रस्ताभर एक शब्द विचारला नाही त्यांनी.

म्हणून माझं मत असं की ही किचेन ऐकणारा माणूस असेल तिथंच कामाची आहे. बस स्टँड, कॉलेजची गल्ली, लायब्ररीतून रूमवर जाताना, तिथं डोळे मिटून घ्या. आमच्यासारख्या रस्त्यावर एकट्या तिच्या भरवशावर जाऊ नका. आता मी 112 इंडिया अ‍ॅप पण टाकलं आहे, पॉवर बटण पटापट 3 वेळा दाबलं की मदतीसाठी कॉल जातो, आणि आईच्या साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं तेही तिला दाखवून ठेवलं. पण नाल्याजवळ रेंजच नसते, त्यामुळे फाट्यावर उभं असतानाच घरी फोन करते, आणि शक्यतो शेजारच्या गावच्या दोघींसोबतच निघते.

घरी मी आठ दिवस सांगितलं नव्हतं, कॉलेज बंद करतील म्हणून. बऱ्याच पोरी याच भीतीनं गप्प राहतात हे मला माहीत आहे, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येते. शेवटी आईला सांगितलं. बाबा चिडले, पण कॉलेज बंद झालं नाही, ते आता अंधार असला की सायकल घेऊन फाट्यावर येतात. आमच्या कॉलेजात पोलीस ताई आल्या होत्या, त्यांनी सांगितलेलं इथं लिहून ठेवते : आपण नको म्हटल्यावरही कोणी पुन्हा पुन्हा पाठलाग करत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरला तरी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर म्हणतात त्याला.

5 पैकी 3 स्टार. आवाजाला पूर्ण मार्क, पिनसाठी एक कापला आणि एक सेलसाठी, डिसेंबरातच आवाज बसायला लागला होता. आत एलआर44 चे तीन बटण सेल लागतात, घड्याळाच्या दुकानात मिळतात. दर महिन्याला एकदा ओढून पाहा, घरातल्यांना आधी सांगून.