नोटीस देऊन संप की सामूहिक आजारी रजा?

विमान कंपनीचं विलीनीकरण होऊन भत्ते बदलू लागले की केबिन क्रूपुढे हा पेच उभा राहतो.

वेग: रजेचा दणका त्याच दिवशी बसतो. मे २०२४ मध्ये केबिन क्रू एकदम आजारी रजेवर गेल्यावर एअर इंडिया एक्स्प्रेसची उड्डाणं धडाधड रद्द झाली. संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी चालू असताना तो करता येत नाही.

नोकरी: खरा फरक इथेच. २०२४च्या त्या रजेनंतर सुमारे २५ जणांना बडतर्फीची पत्रं मिळाली. मुख्य कामगार आयुक्तांपुढच्या बैठकीनंतरच ती मागे घेतली गेली. नोटीस दिलेली असली की संघटना उघडपणे पाठीशी उभी राहते.

प्रवासी: नोटिशीमुळे त्यांना तिकीट बदलायला अवधी मिळतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

संघटना मजबूत आणि प्रश्न सेवाशर्तींचा असेल, तर नोटीसच द्या. संघटना नसेल तर आधी कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. रजेची वाट नोकरी पणाला लावू शकणाऱ्यांनीच धरावी.