सात महिने बंद कॉटेज, उंदीर आणि तांब्याची जाळी : वापरानंतरचा अनुभव

मिशिगनमध्ये कॅडिलॅकच्या उत्तरेला, तळ्याकाठी आमचं छोटं लाकडी कॉटेज आहे. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या आमच्या घरापासून तीन तासांचा रस्ता. मे ते ऑक्टोबर जाणं-येणं असतं, मग बर्फ पडायच्या आत नळांतलं पाणी काढून कुलूप. गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच तांब्याच्या जाळीने सगळ्या फटी बुजवून घर बंद केलं. मे महिन्यात उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात एक लेंडी सापडली नाही.

आदल्या वर्षी काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय याची किंमत कळायची नाही. दार उघडलं आणि उग्र वासाने मागेच सरलो. आजीच्या लुगड्यांची, आईने शिवलेली गोधडी पलंगाखाली घडी करून ठेवली होती. तिच्या कोपऱ्यात मुठीएवढं घरटं: लुगड्याच्या चिंध्या, थंडी अडवायला भिंतीत भरलेला गुलाबी कापूस, टिश्यू पेपरचा भुगा. मला रडूच आलं. बर्फाचा बूट उचलला तर जड लागला. आत घोट्यापर्यंत तूरडाळ! कपाटातली पिशवी फोडून दाणा दाणा वाहून नेला होता. इकडचा हा ‘डिअर माउस’, पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र. थंडीची बेगमी करणं हा त्याचा स्वभावच आहे.

नवऱ्याने झाडू हातात घेतला तेवढ्यात शेजारचे काका धावत आले आणि त्याला थांबवलं. या उंदराच्या लेंड्या-मुतातून हंता विषाणू पसरतो. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याने माणसं दगावली, तेव्हा त्याचा इथला प्रकार ओळखला गेला. झाडलं किंवा व्हॅक्यूम लावला की धूळ उडून थेट श्वासात जाते. म्हणून आधी खिडक्या-दारं उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. मग रबरी हातमोजे घालून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडायचं, पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि कागदी टॉवेलने टिपून घ्यायचं. बंद घर उघडणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावं असं मला कळकळीने वाटतं.

खरं तर त्या हिवाळ्यात आम्ही काहीच केलं नव्हतं असं नाही. प्लगमध्ये लावायची, न ऐकू येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवणारी तीन यंत्रं घेतली होती. त्यांच्यासाठी वीजही चालू ठेवली होती. एका यंत्राच्या अगदी खाली लेंड्यांची रांग होती. अशा यंत्रांच्या दाव्यांबद्दल ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या इथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती, हे मला नंतर कळलं. पेपरमिंट तेलाचे बोळेही ठेवले होते. मे येईपर्यंत त्यांना वास कुठला राहतोय! विष मात्र ठेवू नका. उंदीर भिंतीत मरून सडतो, आणि तो खाणाऱ्या घुबडालाही ते बाधतं.

जाळीचं काम काकांनी शिकवलं. जिथे पेन्सिल जाते तिथे उंदीर जातो, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर. संध्याकाळी नवरा घराखालच्या बुटक्या पोकळीत (क्रॉल स्पेस) टॉर्च घेऊन सरपटला आणि मी बाहेरून, जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करत गेले. तेवीस खुणा झाल्या. सगळ्यात मोठं भगदाड शेगडीमागे, गॅसचा पाइप आत येतो तिथे. जाळीची घट्ट गुंडाळी करून स्क्रूड्रायव्हरने ठासायची, वरून सीलंट. फटीत मारायचा नुसता फोम उंदीर कुरतडतात, आणि तळ्याच्या दमटपणात स्टील वूलचा (बारीक लोखंडी तारांचा बोळा) गंजून भुगा होतो. हवेचे झरोके बुजवायचे नाहीत. त्यांना पाव इंची भोकांची जाड लोखंडी जाळी ठोकली.

त्रुटीही सांगते. तांब्याची जाळी महाग आहे आणि कापताना बोटं सोलून निघतात. बाहेरचे पत्रे अॅल्युमिनियमचे असतील तर तांबं त्यांना टेकू देऊ नका, पत्रा झिजतो. तिथे स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या.

पाण्याचं थोडक्यात. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. आधी पाणी तापवायच्या हीटरची वीज बंद, मगच टाकी रिकामी. नाहीतर कॉइल जळते. नळ्या हवेने फुंकून घेतल्या की सिंक आणि कमोडमध्ये न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं. गाडीतलं हिरवं विषारी असतं, ते नाही.

डाळ-तांदूळ, बिस्किटं सगळं आता आमच्याबरोबर परत येतं; मिठाचा डबा तेवढा राहतो. गोधडीला ठिगळ लावलं, ती पत्र्याच्या ट्रंकेत. भिंतीलगत शेंगदाण्याचं लोणी लावून आठ सापळे ठेवले होते. घरातले सगळे रिकामे निघाले, गॅरेजमधल्या दोन सापळ्यांत उंदीर होते. गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी एका कोपऱ्यात कुरतडलेली दिसली. ती बदलायची आहे, या ऑक्टोबरच्या आत.