कुलाँ, मारे प्वातव्हँ (फ्रान्स): पर्यटक निघून गेल्यावर राहून पाहिलेलं गाव

इंटरनेटवर या गावाबद्दल जे काही सापडतं ते बहुतेक एका दुपारीत लिहिलेलं असतं. होडीत बसलो, हिरवं पाणी पाहिलं, आईस्क्रीम खाल्लं, छान. आम्ही इथे शरद ऋतूत राहायला आलो आणि आता पुढचा उन्हाळा संपत आलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी पत्ता. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने साधारण दोन तासांत न्योर येतं. न्योर हे विम्याचं शहर. माइफ, मासिफ अशा मोठ्या म्युच्युअल विमासंस्थांची मुख्यालयं इथे आहेत. नवऱ्याचं काम विम्याच्या सॉफ्टवेअरचं, म्हणून आमचा इकडे येण्याचा योग. घर मात्र शहरात न घेता पश्चिमेला दहा-अकरा किलोमीटरवर कुलाँमध्ये घेतलं. मारे प्वातव्हँ या पाणथळ प्रदेशातलं, सेव्र न्योर्तेज नदीच्या काठावरचं दोन-सव्वादोन हजार वस्तीचं गाव. न्योर परिसरातल्या शहर बस २०१७ पासून सगळ्यांना फुकट आहेत आणि त्यातली एक कुलाँपर्यंत येते. रविवारी मात्र बसच्या भरवशावर कुठला बेत आखू नका.

माझं मत सुरुवातीलाच सांगते: जुलै-ऑगस्टमध्ये येऊन हे गाव दिसतं, पण कळत नाही. फोटोतला तो हिरवा गालिचा म्हणजे साचलेल्या पाण्यावर पसरलेलं डकवीड, बारीक पानांची तरंगती वनस्पती. दिसतं सुंदर, पण धक्क्यावर होड्यांसाठी रांग असते आणि संध्याकाळी डास. हिवाळ्यात पाणी चढतं तेव्हा इथल्या प्रत्येक गोष्टीचं कारण समोर येतं. कुरणं बुडतात, पायवाटा बंद होतात आणि झाडांच्या रांगा सरळ पाण्यातून उभ्या राहिलेल्या दिसतात.

कारण हा सगळा मुलूख माणसाने केलेला आहे. रोमन काळात इथे समुद्राचं आखात होतं. गाळ भरत गेला आणि मध्ययुगात मठांतल्या साधूंनी बांध घालून, चर खणून जमीन काढायला सुरुवात केली. पाच मठांनी मिळून खणलेला कालवा १२१७ चा. त्याला आजही पाच मठाधिपतींचा कालवाच म्हणतात. पुढे कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या धामधुमीत बांधांकडे कोणी पाहिलं नाही, तेव्हा राजा चौथा आंरी याने १५९९ मध्ये ब्राबांत प्रांतातल्या (आजचे नेदरलँड्स-बेल्जियम) बांधतज्ज्ञ हम्फ्री ब्रॅडलीला देशभरातल्या पाणथळ जमिनी कोरड्या करण्याचा अधिकार दिला. गोव्यातली खाजन शेती, तिचे बांध आणि मानस (पाणी अडवायची-सोडायची दारं) ज्यांनी पाहिले आहेत त्यांना इथली झडपांची दारं लगेच ओळखीची वाटतील. समुद्राकडचा भाग कोरडा करून तिथे गहू-मका घेतात. आतला ओला भाग, ज्यात कुलाँ येतं, तो पुराचं पाणी पोटात घेतो. आमच्या मागची कुरणं बुडतात ती या हिशेबाने. पहिल्यांदा पाणी चढलं तेव्हा मी घाबरून घरमालकीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "चढलं का? बरं झालं, गेल्या वर्षी उशीर झाला होता."

काठावरची झाडं बहुतेक अ‍ॅश. दर काही वर्षांनी माथ्यावर छाटून छाटून त्यांची डोकी गाठाळ, जाडजूड झालेली असतात. जळणाला लाकूड मिळतं आणि मुळं काठ धरून ठेवतात. या झाडांवर आता बुरशीचा रोग आलाय. दुसरीकडे ते काठ पोखरायला कोयपू नावाचे मोठ्या उंदरासारखे प्राणी आहेत, फरसाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेले. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना ते मुंगूस वाटले आणि शकुन म्हणून त्या खूश झाल्या. मी काही बोलले नाही.

होडी. सपाट बुडाची, लांब काठीने ढकलायची. स्वतः चालवायला भाड्याने मिळते, पण पहिल्यांदा नावाडी घ्याच. तो काठीने तळाचा चिखल ढवळतो, वर आलेल्या बुडबुड्यांना लायटर लावतो आणि पाण्यावर ज्योत पेटते. मिथेन. प्रत्येक नावाडी हे करून दाखवतो आणि मी प्रत्येक पाहुण्याबरोबर ते पाहते, अजून कंटाळा आलेला नाही. पूर्वी गुरं, गवत, लाकूड, लग्नाची वऱ्हाडं, सगळं याच होड्यांतून जायचं. शेजारच्या ला गारेत गावात घरांना एक दार रस्त्याकडे आणि एक पाण्याकडे आहे. ते पाहिलं की गाव आधी कुठल्या बाजूने जगत होतं ते समजतं.

जुन्या इमारतींसाठी येत असाल तर कुलाँचं चर्च पाहून घ्या. बाहेरच्या भिंतीला दगडी प्रवचनपीठ आहे, हे क्वचितच दिसतं. पण खरी चीज मायझे गावातला मठ. १३१७ मध्ये तिथे बिशपचं पीठ आलं आणि मठाचं चर्च कॅथेड्रल झालं. १६४८ मध्ये पीठ ला रोशेलला गेलं. मधल्या काळात फ्रेंच लेखक राब्ले इथे राहिला, प्रॉटेस्टंटांनी किल्ला केला, आणि फ्रेंच क्रांतीनंतर लोकांनी दगड काढून नेले. उरलीय एक उंच भिंत आणि तिच्यातून दिसणारं आभाळ. तिकीट काढून पडकं काय बघायचं, असं नवऱ्याचं मत. मी चार वेळा तरी जाऊन आले असेन.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. इथला अभिमान म्हणजे ईल मासा, गोगलगायी आणि हॅमबरोबर शिजवलेले मोजेत, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे दाणे. पण मोजेत बाजारात सुटे मिळतात, आणि गोडा मसाला घालून त्यांची उसळ अप्रतिम होते. लसणीचा प्रेफू पाव आणि बकरीच्या दुधाचं शाब्बिशू चीज यावर आमचा हिवाळा निभावला. तुर्तो फ्रोमाजे नावाचा केक वरून काळाकुट्ट जळलेला असतो. तो तसाच असायला हवा, परत करू नका.

पाण्यावरून इथे भांडणंही आहेत, ती पर्यटन कार्यालयाच्या पत्रकात सापडत नाहीत. शेतीसाठी हिवाळ्यात भूजल उपसून भरायच्या प्रचंड तलावांवरून जिल्हा दुभंगलेला आहे. त्यावरूनच मार्च २०२३ मध्ये सँत-सोलीन गावी आंदोलक आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. धान्यशेती पसरत गेली म्हणून या प्रदेशाचा प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा नव्वदच्या दशकात गेला होता, तो २०१४ मध्ये परत मिळाला. बेकरीत हा विषय काढू नका, समोरचा कुठल्या बाजूचा आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही.

आता तक्रारी. नोव्हेंबरपासून निम्मी उपाहारगृहं बंद. गाडीशिवाय डॉक्टर आणि वाणसामान दोन्ही कठीण. घर दमट, इतकं की पापड वाळवून आणले तरी चार दिवसांत मऊ. कपाटातल्या पैठणीला बुरशी लागल्यावर यंत्र आणलं, ते रोज बादलीभर पाणी काढतं.

दोन दिवसांसाठी येणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा, सायकल घ्या आणि होडीसाठी सकाळ गाठा. हिवाळ्यात यायची हिंमत असेल तर गमबूट आणि स्वतःची गाडी हवी. आम्ही घराचा करार वाढवून घेतलाय, पैठण्या मात्र पुण्याला परत पाठवल्या.