शॉन केलीची कॉमेंट्री : ज्याला सायकल रेस समजून घ्यायचीय त्याने ऐकाच

युरोस्पोर्टच्या इंग्रजी कॉमेंट्रीत मुख्य कॉमेंटेटरच्या शेजारच्या खुर्चीत आयर्लंडचा माजी सायकलपटू शॉन केली असला की मी अख्खी स्टेज (रेसचा एका दिवसाचा टप्पा), म्हणजे अगदी सपाट, काहीच न घडणारी स्टेजसुद्धा, चार-पाच तास लावून बसलोय. सुरुवातीला मात्र वाटलेलं की हा माणूस बोलतच नाही, आणि ते आयरिश उच्चार कानात बसायला मला चांगलाच वेळ लागला. पण एकदा बसले की मग दुसरं कोणी चालत नाही. ब्रेकअवेकडे, म्हणजे पुढे निसटलेल्या रायडर्सकडे, तीन मिनिटांचा लीड असतो, सगळे जोशात असतात आणि केली हळूच सांगतो की वारा समोरून आहे, मागच्या टीमने कॅल्क्युलेशन केलंय, धरतील यांना. कॅल्क्युलेशन हा त्याचा लाडका शब्द. आणि धरतातच बऱ्याचदा.

हे उगाच नाही येत. 1984 मध्ये प्रो रायडर्सचं जागतिक रँकिंग सुरू झालं तेव्हा पहिला नंबर याचा होता आणि पुढची पाच वर्षं याने तो सोडला नाही. पॅरी-नीस ही फ्रान्समधली आठवडाभराची रेस सलग 7 वेळा जिंकला, 1982 ते 1988. टूर द फ्रान्सची हिरवी जर्सी (पॉइंट्समध्ये पहिल्या येणाऱ्याची) 4 वेळा, आणि एकदिवसीय रेसमध्ये पॅरी-रुबे 2 वेळा, लोंबार्दिया 3 वेळा. 1987 ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची रेस, लीडर असताना, शेवट अगदी जवळ आलेला असताना, सीटवर बसून झालेल्या गळवामुळे सोडावी लागली, तर पुढच्या वर्षी येऊन तीच जिंकली. फक्त फ्लँडर्स ही बेल्जियमची एकदिवसीय रेस कधी मिळाली नाही, 3 वेळा दुसरा आला, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

पण माझ्यासाठी केली म्हणजे 1992 ची मिलान-सान रेमो, इटलीतली एकदिवसीय रेस. वय 35, कोणी फेव्हरिट धरत नव्हतं. इटलीचा मोरेनो अर्जेंतीन पोज्जिओच्या, म्हणजे रेसमधल्या शेवटच्या टेकडीच्या, चढावर सुटला, रेस संपलीच असं वाटत होतं, आणि केलीने उतारावर स्वतःला असं झोकून दिलं की शेवटच्या किलोमीटरच्या आसपास त्याला गाठला आणि स्प्रिंटमध्ये हरवला. व्हिडिओ आहे, बघा, अंगावर काटा येतो.

बरोबरीच्या लोकांत त्याला काय मान होता ते 1994 ला कळलं. शेवटची रेस त्याच्या गावी, कॅरिक-ऑन-शुअरला, साधी लोकल रेस, आणि तिथे मर्क्स, इनो, फिन्यों, डी व्लामिंक, रोश असे दिग्गज रायडर्स सगळे सायकल घेऊन हजर! ज्यांना वर्षानुवर्षं हरवलं, ज्यांच्याकडून हरला, ते असे उगाच येत नाहीत हो.

आरडाओरडा हवा असेल तर ही कॉमेंट्री तुमच्यासाठी नाही. मी 5 पैकी 5 देतो. सान रेमोचं एखादं जुनं रेकॉर्डिंग मिळालं ज्यात केली बोलतोय, तर पोज्जिओचा माथा आला की टीव्हीचा आवाज जरा वाढवा, उतार सुरू होतोय.