बूट बुडवायच्या टबासाठी गुलाबी पावडर: काम चोख, पण बूट आधी घासा

पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटची ही जंतुनाशक पावडर लाळ्या-खुरकूत आणि आफ्रिकन स्वाइन फीवर (डुकरांचा रोग), दोन्हींच्या विषाणूंवर चालते. मात्रा 1 टक्का, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम. बुटाच्या खाचांत विष्ठा असेल तर औषध तिच्यावरच खर्ची पडतं. आधी साबण लावून ब्रशने घासा, साबण पूर्ण धुवा, मग 10 मिनिटं भिजवा. पाय बुडवून लगेच गोठ्यात शिरणं म्हणजे नुसता देखावा. त्यापेक्षा बुटांचे दोन जोड ठेवा, एक भिजत असताना दुसरा घाला. गुलाबी रंग फिका पडला की द्रावण बदला, गढूळ झालं तर रंग असूनही बदला. धुण्याचा सोडा मिसळू नका, द्रावण आम्लधर्मी असतं. जस्ताचा पत्रा खातं, टब प्लास्टिकचाच घ्या. ओतताना धूळ नाकाला झोंबते, मास्क लावा.