नोवारुप्ता ज्वालामुखीची दगडपेटी : एक परीक्षण

पणजीत एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारी ही पुठ्ठ्याची पेटी अलास्कातील नोवारुप्ता या ज्वालामुखीवर आधारलेली असून तिच्यात पाच दगड, राखेची एक कुपी, एक नकाशा आणि मराठी पुस्तिका आहे. हा ज्वालामुखी ज्यात येतो तो कातमाई परिसर राष्ट्रीय उद्यान असल्याने तेथून दगड उचलण्यास मनाई आहे. त्यामुळे हे नमुने इतर ठिकाणच्या तशाच खडकांचे आहेत, असे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर स्वच्छपणे लिहिले आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

पेटीचे खरे मोल पुस्तिकेत आहे. 6 जून 1912 रोजी सुरू झालेला हा उद्रेक सुमारे 60 तास चालला आणि तो विसाव्या शतकातील सर्वांत मोठा उद्रेक मानला जातो. स्फोटाचा आवाज सुमारे 1,200 किलोमीटर दूर असलेल्या जुनो येथे तासाभराने पोहोचला, तर 160 किलोमीटरवरील कोडियाक गाव जवळपास तीन दिवस राखेच्या काळोखात बुडून राहिले. एवढे सगळे सांगताना लेखकाने भडकपणा टाळला आहे. परिसर जवळजवळ निर्मनुष्य असल्याने थेट मृत्यूची नोंद नाही, हेही तो लपवत नाही.

मात्र पुस्तिकेचा गाभा वेगळाच आहे : उद्रेक नेमका कोणत्या डोंगरातून झाला? 1916 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज यांच्या मोहिमेला राखेने भरलेल्या दरीतून हजारो ठिकाणी वाफ निघताना दिसली आणि शेजारच्या कातमाई पर्वताचा माथा खचलेला आढळला, तेव्हा सर्व दोष साहजिकच कातमाईकडे गेला. पुढे 1950 च्या दशकात भूवैज्ञानिक गार्निस कर्टिस यांनी राखेच्या थरांची जाडी ठिकठिकाणी मोजून दाखवली, आणि हे थर कातमाईपासून सुमारे 10 किलोमीटर पश्चिमेच्या नोवारुप्ताकडे जाड होत जातात, हे उघड झाले. म्हणजे शिलारस कातमाईखालून आडवाटेने सरकून नोवारुप्तातून बाहेर पडला, आणि आधार गेलेला माथा आत कोसळला. पुस्तिकेत जाडीच्या आकड्यांचा नकाशा देऊन वाचकाला समान जाडीच्या रेषा स्वतः काढायला सांगितले आहे. पेटीतील हा सर्वांत सुंदर भाग आहे. म्हणूनच मुखपृष्ठावर कातमाईच्या शिखरातून ज्वाळा उसळताना दाखवण्याचा मोह चित्रकाराला आवरला नाही, याचे वाईट वाटते. आतल्या मजकुराने जे खोडून काढले, तेच बाहेर रंगवले आहे.

दगडांपैकी पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा प्युमिस, म्हणजे फेसाळ शिलारस थिजून बनलेला हलका दगड, उत्तम निवडला आहे. सिलिकेने समृद्ध, फिकट रंगाचा ऱ्हायोलाइट शिलारस आणि त्याहून गडद शिलारस यांची उद्रेकाच्या वेळी सरमिसळ झाली, याची खूण अशा पट्ट्यांत दिसते. दगड सच्छिद्र असल्याने पाण्यावर तरंगतो, हे मुलांना दाखवून पाहावे. गोव्यातील वाचकाला इथे एक तुलना हवी होती. सत्तरीच्या पूर्वेकडील सह्याद्रीत दिसणारा काळा पाषाण हाही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या पातळ बेसाल्टी लाव्ह्याच्या प्रवाहांतून थरांवर थर साचून बनला. नोवारुप्ताचा घट्ट, वायूने भारलेला शिलारस फुटून राख झाला. पुस्तिका दख्खनच्या या लाव्हा-थरांचा उल्लेखही करत नाही, आणि मराठीत लिहिलेल्या पुस्तिकेत ही उणीव खटकते.

नकाशाला मोजपट्टी नसल्याने अंतरे पुस्तिकेतून शोधावी लागतात. कागद बरा आहे, बांधणी साधारण. किंमत हजाराच्या आत असल्याने शाळांना परवडेल. राखेच्या कुपीचे बूच मात्र सैल आहे. ही राख म्हणजे बारीक काचेचे कण असल्याने डोळ्यांत वा श्वासात जाऊ नयेत, म्हणून लहान मुलांच्या हाती देण्यापूर्वी बुचावर मेण लावून घ्यावे.